संगणकाशी गट्टी : फाइल रुसली तर…



आज माझीच एक चूक सांगते. वर्गात तुम्हाला "सावकाश रे, धांदल नको" म्हणणाऱ्या बाई स्वतः धांदल करतात तेव्हा काय होतं, ते ऐका.

आमच्या रसायनीचा पाऊस एकदा अनुभवायलाच हवा. माणिकगडावर ढग टेकले की इकडे दिवे लुकलुकायला लागतात. अशाच एका जुलैतल्या दुपारी मी शाळेच्या संगणकावर ओव्या टाइप करत होते. चौथीच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून लिहून आणलेल्या, जात्यावरच्या, चांगल्या ४३ ओव्या! फाइल होती थेट माझ्या पेनड्राइव्हवर. शेवटची ओवी संपली, 'सेव्ह' दाबलं, तेवढ्यात दिवे लुकलुकले. लाइट जायच्या आत उरकावं म्हणून मी पेनड्राइव्ह खसकन ओढला. त्याचा बारकासा दिवा अजून मिचमिचत होता. मला तो दिसला होता, हेच जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडेना. "फाइल करप्ट झाली आहे," एवढंच संगणक सांगे.

मुलं म्हणाली, "बाई, त्यात काय! आजीला परत विचारू." पण एका मुलीची आजी मधल्या पंधरवड्यात वारली होती. आणि मुलांनी आणलेले कागद? टाइप होतील तसतसे मी ते टोपलीत टाकले होते. टोपली संध्याकाळीच रिकामी झाली होती. ती मुलगी काही बोलली नाही. नुसती पडद्याकडे बघत राहिली.

आता करप्ट म्हणजे नेमकं काय, ते बघू. आपण 'सेव्ह' दाबतो तेव्हा सगळा मजकूर त्याच क्षणी पेनड्राइव्हवर उतरतोच असं नाही. संगणक थोडा मजकूर हाताशी धरून ठेवतो आणि सवडीने उतरवतो. शिवाय पेनड्राइव्हवर पुस्तकासारखी एक अनुक्रमणिका असते. कुठली फाइल कुठल्या कप्प्यांत आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. मधेच ओढलं की मजकूर अर्धा राहतो, नाहीतर अनुक्रमणिका अर्धी राहते, नाहीतर दोन्ही. म्हणूनच आधी 'इजेक्ट' करायचं असतं. इजेक्ट म्हणजे संगणकाला सांगणं, "बाबा रे, हातातलं सगळं खाली ठेव, मी निघाले." मोबाइलचं कार्डही फोटो उतरत असताना काढू नका, तिथेही हाच घोटाळा होतो.

मग फाइल बिघडली हे संगणकाला कळतं तरी कसं? घरात बिस्किटाचा पुडा असेल तर आणा. काळ्या रेघांखाली १३ आकडे असतात. पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक, तेराव्यापर्यंतचे आकडे मिळवा. उरलेल्या सहा आकड्यांची बेरीज करून तिला तिनाने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा. शेवटी शून्य येणार म्हणजे येणारच! त्यातला कुठलाही एक आकडा बदलून बघा, शून्य येत नाही. तेरावा आकडा याच पहाऱ्यासाठी ठेवलेला असतो. फाइलीतही असे पहारेकरी आकडे असतात, फक्त त्यांचं गणित जास्त अवघड.

आता दुरुस्तीकडे वळू. (आईबाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा.) सगळ्यात आधी हात आखडायचा. त्या पेनड्राइव्हवर नवं काहीही ठेवायचं नाही, कारण नवा मजकूर जुन्याच्या कप्प्यात जाऊन बसू शकतो. बिघडलेल्या फाइलची प्रत संगणकावर घ्यायची आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. वर्ड या प्रोग्राममध्ये 'ओपन' बटणाशेजारच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' अशी सोय असते. लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रामही कधीकधी मोडकी फाइल दुरुस्त करून उघडतो. मात्र "दोन मिनिटांत फाइल दुरुस्त" म्हणणारा भलताच प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवू नका. औषध म्हणून व्हायरस घरात यायचा.

मी दोन्ही करून पाहिलं. फाइल ढिम्म!

मग माझा भाऊ मदतीला आला. त्याने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. वर्डची 'डॉकएक्स' फाइल म्हणजे मुळात एक गाठोडं असतं, ज्याला 'झिप' म्हणतात ते. आणि गाठोड्यात काय काय आहे याची यादी असते अगदी शेवटी! माझ्या फाइलचं शेपूटच तुटलं होतं. यादी गेली, म्हणून वर्डने हात टेकले. पण सुरुवातीचं सामान जागच्या जागी होतं. भावाने गाठोडी सोडणाऱ्या प्रोग्रामने जेवढं निघालं तेवढं बाहेर काढलं आणि नोटपॅडमध्ये उघडलं. कोनाकृती कंसांचं नुसतं रान माजलेलं, आणि त्यात मधेमधे आमच्या ओव्या! एकेक वेचून मी नव्या फाइलीत ठेवली. हे काम संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत चाललं.

एक गंमत सांगायलाच हवी. कधीकधी घरातली जुनी मराठी फाइल उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची मिसळ दिसते. ती फाइल करप्ट नसते! पूर्वी मराठीच्या प्रत्येक फॉन्टची सांकेतिक भाषा वेगळी असे. युनिकोडमध्ये १९९१ साली देवनागरी आली, तरी जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. अशी फाइल टाकून देऊ नका. योग्य फॉन्ट किंवा परिवर्तक मिळाला की ती बोलू लागते.

ओव्यांवरून आठवलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर आणायला मदत केली आणि १०० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. हा ठेवा आधी गुडगावच्या संग्रहालयात होता, नंतर फ्रान्समध्येही गेला. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. ओव्या मात्र २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. माझ्या ४३ ओव्या एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर होत्या, तेही एकाच! आता मी एक प्रत शाळेत, एक घरी आणि एक दूरच्या गावी बहिणीकडे ठेवते. तिन्ही एकाच घरात का नाहीत, असं विचारलंत तर २६ जुलै २००५ ला रायगडात घराघरांत पाणी कसं शिरलं होतं, ते मोठ्यांना विचारा.

हो, त्या आजीच्या ओव्या राहिल्याच. त्या सत्ताविसाव्यापासून तिसाव्यापर्यंत होत्या. सत्तावीस आणि अठ्ठावीस पूर्ण निघाल्या. एकोणतिसावीची पहिलीच ओळ मिळाली. तिथेच फाइल तुटलेली होती. बाकीच्या ओव्या इतर मुलांनी आज्यांकडून पुन्हा लिहून आणल्या. त्या मुलीला मी छापलेला कागद दिला, तेव्हा तिने बोटाने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाई, ही माझ्या आत्याला येते. ती कर्जतला असते."

गणपतीच्या सुट्टीत ती आत्याकडे जाणार आहे. वही आणि पेन्सिल मी दिली आहे.

तुमच्या,
बाई