नाव तेवढे ओळखीचे!

मराठीत नावावरून म्हणी थोड्या नाहीत. 'नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही तर लहान पोरालाही पाठ असते. पण नाव घरोघर पोचले आणि त्या नावाच्या माणसाची कुणाला दादही नाही, अशा प्रकारासाठी आपल्या पूर्वजांनी म्हण करून ठेवलेली नाही. त्यांच्या वेळी सिनेमा नव्हता, हेच त्याचे कारण असावे!

आमच्या पुंडलिकनगरात मी मध्यंतरी एक प्रयोग केला. दुधाची पिशवी घेऊन परतणारे एक पेन्शनर, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि घरची सौभाग्यवती अशा तिघांना विचारले, "अँथनी गोन्साल्विस कोण हो?" तिघांनीही क्षणाचा विलंब न लावता सांगितले, "अमिताभ बच्चन!" पेन्शनरांनी तर हातातली पिशवी सांभाळून, भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभची नक्कलही करून दाखवली.

१९७७ सालचा 'अमर अकबर अँथनी' ज्याने पाहिला नाही असा मनुष्य मिळणे कठीण, तेव्हा त्यांचे उत्तर कोण चुकीचे म्हणेल? पण या नावाचा एक खराखुरा माणूस होता. मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्याच्यावर माहितीपट केला, असे मी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "इश्श! म्हणजे गाण्यातलं नाव खरं होतं?"

खरे होते. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. जन्म १९२७ चा. वडील चर्चमधील गायनवृंद सांभाळणारे, त्यामुळे सूर घरातच. १९४३ साली, म्हणजे आपली मुले मॅट्रिकच्या अभ्यासाला बसतात त्या वयात, ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले. हा अरेंजर म्हणजे काय, ते सांगायला हवे. संगीतकार पेटीवर चाल बसवतो. पण चाल म्हणजे गाणे नव्हे. वीस व्हायोलिनांनी कोठे उठायचे, चेलोने कोठे घुमायचे, दोन कडव्यांमधल्या जागेत बासरीने काय म्हणायचे, हे सारे कुणीतरी पाश्चात्य स्वरलिपीत लिहून प्रत्येक वादकापुढे ठेवावे लागते. गोव्याच्या चर्चमधल्या पाठशाळांत ही लिपी मुलांना लहानपणीच शिकवीत. म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत गोवेकरांवाचून पान हलत नसे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते, हे आज जाणकार सांगतात. पण पडद्यावरच्या नामावळीत नाव झळके ते संगीतकाराचे.

गोन्साल्विस यांचे मन तेवढ्यावर भागले नाही. आपल्या रागदारीला पाश्चात्य वाद्यवृंदाचा अंगरखा चढवावा, ही त्यांची ओढ. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! तरीही तो संसार टिकला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर निघून गेले. नंतर परतले ते चित्रपटसृष्टीत नव्हे, माजोर्ड्याच्या घरी. जानेवारी २०१२ मध्ये ते वारले.

मग हे नाव गाण्यात आले कसे? लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. चित्रपटातल्या त्या पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते म्हणतात. ते चालीत बसेना. तेव्हा प्यारेलालांनी आपल्या गुरूचे नाव सुचवले.

हे वाचले आणि मला पैठण आठवले. आमच्या शहरापासून बसने दीड-दोन तासांवर. संतकवी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण नाथांची मुद्रा पाहा. 'एका जनार्दनी'! शिष्याचे नाव आणि देवगिरीच्या किल्ल्यावरच्या गुरूचे नाव एकाच मुद्रेत. चारशे वर्षांनंतर एका हिंदी सिनेमाच्या हसऱ्या गाण्यात प्यारेलालांनी दुसरे काय केले? फरक एवढाच की जनार्दनस्वामी कोण हे वारकऱ्याला ठाऊक असते. आपण गोन्साल्विस यांचे नाव गुणगुणलो आणि पुढे गेलो.

या साऱ्याची मला एवढी उठाठेव का? त्याला कारण आमच्या गल्लीतला एक तरुण. बी.कॉम. झाला आहे, गिटार वाजवतो, तीही त्या धडधडणाऱ्या रॉक पद्धतीची. वडील नोकरीतून निवृत्त झालेले. ते एकदा घरी येऊन म्हणाले, "सर, तुमचं तो ऐकतो. त्याला दोन शब्द सांगा. स्पर्धा परीक्षांचं वय निघून चाललंय." मी मुलाला बोलावले. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, परवा एका गाण्यात माझी गिटार घेतली. पैसेही मिळाले. पण नाव कुठंच नाही. बाबांना काय दाखवू?"

याला काय उत्तर द्यावे? 'चुरा लिया है' च्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंगांची, हे तरी किती जणांना माहीत असते? आणि त्यांना निदान गझलगायक म्हणून कीर्ती मिळाली. ज्याला गळा नाही, नुसती बोटेच आहेत, त्याने आपल्या बापाला पुरावा कोठून आणायचा?

त्याने नोकरी करावी की गिटार, हे ठरवणारा मी कोण! पण गणेशोत्सवात मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम होता, तेव्हा निवेदकाला मी गाठले आणि म्हटले, "गायकांची नावं सांगतोस तशी वाजवणाऱ्यांचीही सांग." तो कुरकुरला, पण त्याने सातही नावे वाचली. त्यांत आमच्या या चिरंजिवांचे नाव, आडनावासकट. वडील मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. शेजारच्याला एवढेच म्हणाले, "तो आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला परीक्षेच्या अर्जाचे पुन्हा विचारलेच, हेही सांगून टाकतो. बापच तो!

वाचकहो, फराळाच्या ताटावर बसून आपण दिवाळी पहाटेची गाणी ऐकाल. पसंत पडले की गायकाला दाद द्यालच. पण जमले तर आयोजकांना एक चिठ्ठी पाठवा, "मागे बसलेल्यांची नावे सांगा." चिठ्ठीला खर्च नाही. त्या मागच्या रांगेतल्या कुणाच्यातरी घरी, टाळी न वाजवणारे कुणीतरी ते ऐकायला बसलेले असते.