मन्रोव्हिलचं जुनं कोर्ट

अलाबामातल्या मन्रोव्हिल या पाच-सहा हजार वस्तीच्या गावात १९०३ सालचं एक कोर्ट आहे. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लिहिणारी हार्पर ली इथलीच, तिचे वडील इथले वकील. १९६२च्या सिनेमासाठी हॉलीवूडने याच कोर्टरूमची हुबेहूब नक्कल उभारली. आता तिथे म्युझियम आहे. लीचं घर मात्र पाडलं गेलं, तिथे आइस्क्रीम-बर्गरचं दुकान आलं. शेजारी ट्रुमन कपोटी लहानपणी राहायचा, त्या घराची दगडी भिंत तेवढी उरलीय. त्याची मला फारशी हळहळ नाही. आपल्याकडचे वाडे तरी कुठे राहिले!

खटकतं ते वेगळंच. गावातल्या १९८६च्या एका खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियन या निरपराध कृष्णवर्णीयाला १९८८मध्ये मृत्युदंड झाला. ज्युरींनी जन्मठेप सुचवली होती, न्यायाधीशांनी ती फिरवली! तो सुटला थेट १९९३मध्ये. आणि १९९१मध्ये गावकरी या जुन्या कोर्टात त्याच कादंबरीवरचं नाटक करत होते. कादंबरीतल्या टॉम रॉबिन्ससाठी हळहळ, आणि खरा माणूस तुरुंगात मरणाची वाट बघतोय.

इमारत जपली, छान केलं. पण मंडळी, तिकडे गेलात तर कोर्टरूमचे फोटो काढून झाल्यावर मॅकमिलियनबद्दलही जरूर विचारा.