धुराची तक्रार करा, वासाची नको

दोन वर्षांपूर्वीच्या थर्टीफर्स्टला मी आमच्या गच्चीवर चिकन भाजलं. देऊळगाव राजाच्या जुन्या वस्तीत आमचं घर आहे. इथं गच्च्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत की उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की आपल्या कोणत्या आणि शेजारच्या कोणत्या, यावरून भांडणं होतात. ग्रिल ऑनलाइन मागवला होता. तो पेटवायचा कसा हे आम्हा सहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. कोळसा दमट, पेटेना. मग एकाने तेलात भिजवलेली चिंधी टाकली, दुसऱ्याने पुठ्ठा. अर्ध्या तासात जाळापेक्षा धूरच जास्त झाला. आम्ही मात्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून रील काढत होतो.

शेजारच्या काकू कठड्याशी आल्या. म्हणाल्या, "तुही कोंबडी तू खाय बापा, पण धूर माह्या घरात काऊन कोंबून राह्यला?"

आम्ही हसलो. मी म्हणालो, "काकू, एका दिवसाचं तर आहे."

काकांना दमा आहे. त्यांची खोली आमच्या कठड्याला लागून. ते रात्रभर उशीला टेकून बसून होते, हे मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. काकू स्वतः काहीच बोलल्या नाहीत. अंगणात रजया धूत होत्या.

"एका दिवसाचं तर आहे" हे आपल्याकडचं सगळ्यात लबाड वाक्य आहे. डीजेवाला तेच म्हणतो, फटाकेवाला तेच म्हणतो, रस्त्यात मांडव टाकणारा तेच म्हणतो. प्रत्येकाचा एक दिवस असतो आणि गल्लीला ते सगळे दिवस मोजावे लागतात. "माझी गच्ची, माझी मर्जी" म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या पोरांना मला विचारायचंय, गच्ची तुझी आहे हे मान्य, पण धूर कठड्यापाशी थांबतो का?

डिसेंबरात तर मुळीच थांबत नाही, वरही जात नाही. थंडीत संध्याकाळी जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी राहते. त्यामुळे धूर गल्लीत तरंगत राहतो. त्यात मॅरिनेशनचं तेल आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकली की प्रत्येक थेंबाचा वेगळा धूर. त्यातले बारीक कण छातीत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली, आपल्या देशाचं मानक ६० आहे. काकांच्या खोलीत मोजायला यंत्र नव्हतं.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या काही लोकांशी मला आता भांडायचंय.

माझा एक मित्र गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये भाड्याने राहायचा. त्यानेही गेल्या हिवाळ्यात अंगणात चिकन भाजलं. कोळसा नीट पेटवून, तासाभरात आटोपलं. रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: "मांसाहाराच्या धुरामुळे सभ्य कुटुंबांना त्रास होतो." खाली सतरा अंगठे. त्याच आठवड्यात त्याच ग्रुपमधल्या एकाकडे रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांचा ढीग रचला, पेटवला, दोन तास धूर. मित्राच्या घरातले कपडेसुद्धा त्या वासाने भरले. ग्रुपवर मेसेज आला: "अप्रतिम बेत!" (बेत अप्रतिमच होता. आरात भाजलेला रोडगा, तूप, वांग्याची भाजी. मीही तीन खाल्ले.) गोवरीचा धूर कोळशाच्या धुरापेक्षा दाटच असतो, हे ज्याने चूल फुंकलीय त्याला सांगायला नको. महिनाभरात घरमालकाने मित्राला "दुसरीकडे बघा" म्हटलं. कारण दिलं, धूर.

ही तक्रार धुराची नव्हती. धूर नाकाला झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो, तो रोडग्याचा असो की तंगडीचा. ज्यांना एकाच धुराने खोकला येतो आणि दुसऱ्याने भूक लागते, त्यांचं दुखणं छातीत नसतं. दुसऱ्याच्या ताटामुळे आपलं घर बाटतं, ही समजूत फार जुनी आहे. आपल्याच तालुक्यातलं मेहुणाराजा चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांना पंढरपूरच्या देवळात शिरू दिलं नव्हतं, त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. आता भाषा सुधारलीय, एवढंच. आता 'हायजीन' म्हणतात, 'अॅलर्जी' म्हणतात. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबलं शाकाहारींसाठी राखून ठेवली आणि त्याचा निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तिथं तर कोळसाही पेटला नव्हता.

कायद्याला हा फरक कळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० नुसार आसपासच्या लोकांच्या आरोग्याला घातक होईल अशी हवा मुद्दाम दूषित केली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विस्तवावर काय ठेवलंय, हे ते कलम विचारत नाही. जर्मनीत बॉनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये बाल्कनीतल्या ग्रिलचं भांडण असं सोडवलं: एप्रिल ते सप्टेंबर महिन्यातून एकदा भाजा, पण अठ्ठेचाळीस तास आधी शेजाऱ्यांना सांगा. सॉसेज कशाचं, यावर निकालाचा भर नव्हता.

आपल्याला कोर्टाची गरज नाही. अठ्ठेचाळीस तास मात्र मला फार आवडले. कारण सांगितलं की समोरचा खिडकी लावतो, रजया आत घेतो, "परवा नको, आमच्याकडे बाळ आलंय" म्हणतो. आणि आपल्यालाही कळतं की तक्रार कशाची आहे. आता मी कोरडा कोळसा आणतो, घराच्या दुसऱ्या टोकाला पेटवतो, निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर येईपर्यंत जाळी ठेवत नाही, मसाल्यात तेल बोटभरच घालतो. पुठ्ठा, प्लास्टिक, पेट्रोल अजिबात नाही. शेजारी कुणी गच्चीवर हिरवी शेडनेट बांधली असेल तर त्या बाजूला जातच नाही, एक ठिणगी पुरते. बादलीभर पाणी शेजारी. साडेनऊला विझवतो. यात माझं चिकन जराही कमी झालेलं नाही.

पण समजा, हे सगळं केल्यावरही कुणी म्हणालं, "धूर नाही हो, पण वास येतो," तर मी ग्रिल विझवणार नाही. त्यांच्या मेथीच्या फोडणीचा, धूपाचा, रोडग्याचा वास मीही घेतोच की.

परवा संध्याकाळी काकूंना सांगायला गेलो, रविवारी आठ ते साडेनऊ, म्हटलं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. काकांना त्या दिवशी मुलीकडे पाठवता येईल, म्हणाल्या. मी म्हटलं, काकांना कुठं जायला लावू नका, वारा तिकडचा असला तर मी बेतच रद्द करतो. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि दोन भरताची वांगी घेऊन आल्या.

"आर उरला तं हे भाजून दे. जाळी मात्र घासून घेजो."