प्रतीक्षेच्या काळातील खेळ

परदेशातून मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या आईवडिलांच्या हातात जवळजवळ सर्व काही असते, नसतो तो फक्त वेग. गृह अध्ययन अहवाल, म्हणजे समाजकार्यकर्त्याने घरी येऊन कुटुंबाची आर्थिक, शारीरिक व मानसिक तयारी तपासून लिहिलेला वृत्तांत, तसेच पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय दाखले हे सारे ते पूर्ण करतात. पण कागद एकदा दुसऱ्या देशातील कार्यालयात पोहोचले की पुढची रांग त्यांना दिसतही नाही. अमेरिकेतील ज्या कुटुंबांनी २००६ नंतर चीनमधील मुलासाठी अर्ज केले, त्यांना ही अवस्था फार दीर्घकाळ भोगावी लागली. २००५ मध्ये चीनमधून सुमारे ७,९०० मुले अमेरिकेत दत्तक गेली होती. पुढे ही संख्या झपाट्याने घटली आणि निरोगी लहान बाळासाठीची प्रतीक्षा अनेक वर्षांवर गेली.

नेमक्या याच काळात, जुलै २००८ मध्ये, ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि ज्यांचा व्यवहारात काहीही उपयोग नाही अशा गमतीदार ॲप्सची लाट आली. फोन तिरका केला की पडद्यावरील पेल्यातली बिअर कमी होत जाई. ‘ओकारिना’ या ॲपमध्ये मायक्रोफोनवर फुंकर घालून आणि पडद्यावरील चार छिद्रांवर बोटे ठेवून बासरीसारखे सूर काढता येत, शिवाय पृथ्वीच्या गोलावर दूरदेशीचे अनोळखी लोक त्याच वाद्यावर काय वाजवीत आहेत तेही ऐकता येई.

प्रतीक्षेतील आईवडिलांचे अशा ॲप्समध्ये रमणे हा वेळेचा अपव्यय मानणे अन्यायाचे आहे. मूल ठरल्याचा निरोप, त्याचे छायाचित्र आणि आरोग्याची नोंद ज्या फोनवर येणार, तो फोन दूर ठेवणे त्यांना शक्यच नसते. दिवसातून अनेकदा तो उघडावा आणि प्रत्येक वेळी निराश व्हावे, हाच क्रम वर्षानुवर्षे चालतो. त्या पडद्यावर हसण्याचे एखादे कारण आधीच ठेवलेले असेल, तर ही निराशा सोसवते.

‘हिट-पॉइंट’ या जपानी कंपनीच्या दोन खेळांचा येथे आवर्जून विचार करावासा वाटतो. २०१४ च्या ‘नेको आत्सुमे’मध्ये खेळणाऱ्याने अंगणात खाऊ आणि खेळणी मांडून ॲप बंद करायचे असते, मांजरे येतात ती त्याच्या पश्चात आणि आपल्या मर्जीने. २०१७ च्या ‘ताबिकाएरू’मध्ये बेडकाची शिदोरी बांधून द्यायची, तो कुठे जाईल आणि कधी परतेल हे त्याच्यावर सोडायचे, आणि वाटेतून त्याने धाडलेल्या छायाचित्रांची वाट पाहायची. २०१८ च्या आरंभी हा खेळ चीनमध्ये अतिशय लोकप्रिय झाला, तेव्हा तेथील असंख्य खेळाडू त्या बेडकाला आपले लेकरू म्हणत. तयारी आपली, वेळ दुसऱ्याची, ही दत्तक आईवडिलांच्या ओळखीचीच स्थिती आहे. फरक एवढाच की येथे ती भीतीविना अनुभवता येते. शिवाय उद्या घरी येणाऱ्या मुलाला खेळू शकणारे आईवडील हवे असतात, आणि खेळण्याची ही वृत्ती कोणत्याही दाखल्याने सिद्ध होत नाही.

अर्थात ही ॲप्स प्रतीक्षेचे दुःख मिटवीत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने नात्यातील मुलांचा अपवाद वगळून परदेशी दत्तक बंद केले, आणि ज्यांना मुलाचे नाव व चेहरा माहीत होता अशी कुटुंबेही मधेच अडकली. ‘कारा’ या आपल्या केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे अर्ज करणाऱ्या परदेशस्थ मराठी जोडप्यांनाही रांग चुकलेली नाही. अशा घरातील कोणी फोनवर मांजरे पाहताना दिसले, तर नातेवाइकांनी “कुठवर आलं?” असे विचारू नये, आज कोणते मांजर आले, ते विचारावे आणि शेजारी बसून पाहावे.