फ्रीजमधली दुधाळ बाटली

गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून आमची अम्मी त्यात लिंबू पिळते. स्फटिक होऊच द्यायचे नाहीत! त्याच अम्मीच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनची दुधाळ बाटली असते. टोचण्याआधी ती तळहातांत हलकेच फिरवायची. ती दुधाळ का दिसते, हे घरात कुणी कधी विचारले नव्हते. तिच्यात इन्सुलिनचे बारीक स्फटिक तरंगत असतात. ते सावकाश विरघळतात, म्हणून औषध बराच वेळ पुरते.

प्रथिनाची रचना पाहायची तर त्याचे असेच, पण चांगले नेटके स्फटिक वाढवावे लागतात. त्यांवर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि गणिताने त्या नक्षीतून अणूंच्या जागा काढायच्या. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकांवरचे काम १९३५ च्या सुमारास सुरू केले. रचना हाती आली १९६९ मध्ये. एवढ्यात आपल्याकडे नातवंडे होतात! त्यांच्या चमूत आपले एम. विजयनही होते. झिंकभोवती इन्सुलिनचे सहा-सहा रेणू कसे बिलगून बसतात, ते त्या रचनेत दिसले. ही मिठी सैल केली की औषध रक्तात लवकर उतरते. तसे पहिले इन्सुलिन १९९६ मध्ये बाजारात आले. जेवणाला बसण्याआधी टोचतात ते याच जातीचे.

आता या कामात यंत्रे आली आहेत. एका तबकात ९६ खळगे, प्रत्येकात वेगळे द्रावण. यंत्र त्यांत नजरेला जेमतेम दिसतील असे थेंब सोडते आणि कॅमेरा ठरल्या वेळी फोटो काढत राहतो. स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले की रोबोचा हात एकेक उचलून किरणांपुढे धरतो. रात्रभर माणूस जागवायची गरज नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या डायमंड केंद्रात कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाला कोणते रेणू चिकटतात, ते असेच शोधले. सुमारे १,२५० लहान रेणू, काही आठवड्यांत! आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ वर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी खास किरणवाट उभारली आहे. बी.एस्सी.ला असलेल्या आपल्या मुलींनी हे नाव टिपून ठेवावे.

पण प्रथिनच शुद्ध नसेल, तर रोबोही हात चोळत बसतो. काही प्रथिने तर शुद्ध असूनही हट्ट सोडत नाहीत.

अम्मीला हे सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तिथे लिंबू चालत नाही?”