सर्किट सिटी बुडाली, बेस्ट बाय तगली. आपल्या दुकानदारांनी यातून काय घ्यायचं?

मोबाइलचं दुकान बंद पडलं, टीव्ही-फ्रिजच्या शोरूमचं शटर कायमचं खाली आलं, की आपल्याकडे कारण तयार असतं: ‘ऑनलाइनने खाल्लं.’ हे कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुलं मोबाइल विक्री, दुरुस्ती, एसी फिटिंग, वायरिंग याच धंद्यावर घर चालवतात. लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या गावातला बसस्टँडसमोरचा गाळा, या दुकानांचं काय होणार हा आपल्या घरातला प्रश्न आहे. म्हणून अमेरिकेत हीच गोष्ट आपल्या आधी कशी घडली, ते जरा नीट पाहू या.

तिथे सर्किट सिटी नावाची कंपनी होती. १९४९ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात एका टीव्हीच्या दुकानापासून सुरुवात झाली आणि पुढे ती देशातली दुसऱ्या क्रमांकाची इलेक्ट्रॉनिक्स विक्रेती बनली. हायवेलगत मोठी पत्र्याची शेडवजा इमारत, समोर शेकडो गाड्यांचं पार्किंग, आत टीव्हीच्या भिंती. २००१ मध्ये जिम कॉलिन्स यांच्या गाजलेल्या ‘गुड टू ग्रेट’ या पुस्तकात ही कंपनी उत्तम कंपनीचा नमुना म्हणून आली होती. आणि १० नोव्हेंबर २००८ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च २००९ पर्यंत उरलेली ५६७ दुकानं बंद झाली, सुमारे ३४,००० लोकांची नोकरी गेली.

मंदीचा काळ होता, हे खरं. पण मंदी शेजारच्या बेस्ट बायलाही होतीच की. फरक आधीच पडला होता. २००० साली सर्किट सिटीने फ्रिज, वॉशिंग मशीन विकणं बंद केलं. म्हणजे घर मांडणारं गिऱ्हाईक आपणहून दुसऱ्याच्या दारात पाठवलं. मग मार्च २००७ मध्ये कंपनीने सुमारे ३,४०० विक्रेत्यांना काढून टाकलं. त्यांचा गुन्हा काय? बाजारभावापेक्षा त्यांचा पगार जास्त होता. म्हणजे जे जुने, जाणकार आणि माल विकण्यात तरबेज होते, नेमके तेच. वर सांगण्यात आलं की दहा आठवड्यांनी हवं तर कमी पगारावर पुन्हा अर्ज करा. पगाराचे पैसे वाचले असतील, पण दुकानात पाय ठेवणाऱ्याला दोन टीव्हींतला फरक समजावून सांगणारं कोणी उरलं नाही. ज्याला फक्त डबाच उचलायचा आहे तो दुकानात येईल कशाला? तो घरबसल्या मागवेल.

फ्राइज इलेक्ट्रॉनिक्सची कथा थोडी वेगळी. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही दुकानं संगणकाच्या शौकिनांची जत्राच होती. स्क्रूपासून सर्व्हरपर्यंत सगळं एका छताखाली. २०१९ च्या सुमारास फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. माल आधी विकत घेण्याऐवजी ‘तुमचा माल आमच्याकडे ठेवा, विकला की पैसे देऊ’ असं कंपनीने पुरवठादारांना सांगितलं. बाजारात पत राहिली नाही की माल येत नाही, आणि माल नसला की गिऱ्हाईक येत नाही, हे आपल्या कुठल्याही व्यापाऱ्याला सांगायची गरज नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नऊ राज्यांतली ३१ दुकानं एका झटक्यात बंद झाली. रेडिओशॅक २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये कॉमेट २०१२ मध्ये संपली, मॅप्लिन २०१८ मध्ये.

आता ऑनलाइनचा वाटा. तो मोठा होता, आणि त्यात कायद्याचाही हात होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल दिला होता की ज्या राज्यात कंपनीची जागा किंवा माणसं नाहीत, त्या राज्याचा विक्रीकर तिने गोळा करण्याची सक्ती नाही. तेव्हा हा प्रश्न टपालाने माल पाठवणाऱ्यांचा होता. पुढे त्याचा फायदा इंटरनेटवरच्या विक्रेत्यांना झाला. त्याच टीव्हीवर कोपऱ्यावरचा दुकानदार कर लावणार आणि लांबून येणाऱ्या खोक्यावर तो लागणार नाही! अ‍ॅमेझॉनने पुढे एकेका राज्यात कर घ्यायला सुरुवात केली, पण हा नियम न्यायालयाने बदलला तो जून २०१८ मध्ये. तोपर्यंत किती दुकानं गेली होती ते वर आलंच आहे. मैदान सपाट नसेल तर चांगला खेळाडूही हरतो.

आपल्याकडे मैदानाची तक्रार वेगळ्या रूपात आहे. आपल्या दुकानदारांचं दुखणं असं की नवा फोन आधी वेबसाइटवर येतो, तिथेच स्वस्त मिळतो आणि दुकानात येईपर्यंत त्याची हवा गेलेली असते. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांना ‘हा माल फक्त आमच्याकडेच’ अशी सक्ती करायला १ फेब्रुवारी २०१९ पासून मनाई आहे. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या अर्जावर भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली, कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात गेल्या, आणि आयोगाच्या तपास अहवालात ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा ठपका २०२४ मध्ये आला. कंपन्या हे आरोप नाकारत आल्या आहेत. चौकशी लागल्यापासून अहवाल यायलाच साडेचार वर्षं गेली. एवढ्या काळात छोट्या गाळ्याचं भाडं थांबत नाही, हे मात्र कुठल्याच अहवालात येत नाही.

दुकानदारांनी एकत्र येऊन ताकद दाखवल्याचं उदाहरणही आहे. २०२४ मध्ये दक्षिणेतल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने १ मेपासून वनप्लसचे फोन विकणार नाही असं जाहीर केलं. नफा अगदी कमी, वॉरंटीचे दावे रखडलेले, ही त्यांची तक्रार. यात महाराष्ट्रासह सहा राज्यांतली सुमारे ४,५०० दुकानं होती. एकट्या दुकानाचं पत्र कंपनी वाचतही नाही. साडेचार हजार दुकानांचं वाचावं लागतं.

मग बेस्ट बाय कशी तगली? २०१२ मध्ये तीही बुडणार असंच सगळे म्हणत होते. लोक दुकानात येऊन टीव्ही बघायचे, हात लावायचे, आणि तिथेच उभं राहून फोनवरून दुसरीकडे ऑर्डर द्यायचे. त्या वर्षी ह्युबर्ट जोली हे नवे प्रमुख आले. त्यांनी पहिले काही दिवस मिनेसोटातल्या एका दुकानात कामगारांसोबत काढले. मग ऑनलाइनचा भाव दाखवा, त्याच भावात देऊ, असं धोरण केलं. विक्रेत्यांच्या प्रशिक्षणावर खर्च केला. घरी येऊन बसवून देणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, जुनं उपकरण घेऊन जाणं यावर भर दिला. सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच स्वतःचा कोपरा दिला आणि त्यातून उत्पन्न काढलं. म्हणून ती अजून उभी आहे. पण यात फार हुरळून जाऊ नये. तिचीही दुकानं दरवर्षी थोडी थोडी कमी होताहेत, आणि २०२१ च्या सुरुवातीला ५,००० जणांना तिनेही घरी पाठवलं.

यातली दुरुस्तीची बाजू आपल्या मुलांसाठी महत्त्वाची वाटते. फोन विकण्यातला नफा घटत चालला, तरी फुटलेला स्क्रीन कुरिअरने बदलत नाही. एसी भिंतीवर चढवायला माणूसच लागतो. ज्या पोराने दहावीनंतर उस्तादाच्या हाताखाली काम शिकलं, त्याने आयटीआयचा कोर्स करून कागदही हातात घेतला तर कंपनीचं अधिकृत काम मिळायची वाट मोकळी होते. फक्त कव्हर आणि चार्जर विकणाऱ्या गाळ्याचं भविष्य आम्हाला तेवढं भक्कम दिसत नाही.

आणि एक गोष्ट गिऱ्हाईक म्हणून आपल्या घरांची. आपल्याकडे अनेक कुटुंबं व्याजापासून दूर राहतात. अशांना ऑनलाइनचं ‘नो कॉस्ट ईएमआय’ सोयीचं वाटतं, व्याज नाही असं लिहिलेलं असतं ना! पण कार्डावरचा हिशोब बघा. ३०,००० चा फोन, सहा हप्ते, दरमहा ५,०००. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला, तर बहुतेक वेळा होतं असं की विक्रेता सुमारे १,२७० रुपये सूट देतो, बँक २८,७३० रुपयांचं कर्ज दाखवते आणि तेच १,२७० रुपये व्याज म्हणून घेते. क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणून आणखी सव्वादोनशेच्या आसपास. शिवाय प्रोसेसिंग फी असेल ती वेगळी. म्हणजे व्याज आहे, फक्त ते दुसऱ्या खिशातून फिरवलेलं आहे. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं.

याउलट ओळखीचा दुकानदार वहीत नाव लिहून, एकच किंमत ठरवून, चार-सहा महिन्यांत पैसे घेतो. उशीर झाला तरी आकडा तोच राहतो. या दोन व्यवहारांत शरीयतच्या दृष्टीने काय फरक आहे ते आपापल्या आलिमांना विचारावं, तो आमचा विषय नाही. पण ही सोय वेबसाइटवर मिळत नाही आणि मोठ्या शोरूममध्येही मिळत नाही. ती फक्त मोहल्ल्यातल्या दुकानात आहे, आणि तीही उधारी वेळेवर परत येते तोवरच. मुलीच्या लग्नात फ्रिज उधारीवर नेऊन पुढचा टीव्ही सेलमध्ये मागवणारी, आणि जुने हप्ते तसेच लोंबकळत ठेवणारी गिऱ्हाइकं प्रत्येक दुकानदाराच्या वहीत सापडतील.

घरी खरेदी निघालीच असेल, तर ऑनलाइनचा भाव फोनवर उघडून आधी ओळखीच्या दुकानात जा आणि सरळ विचारा, या भावात देता का? बसवून देण्याचं आणि नेण्या-आणण्याचं धरून हिशोब करा. दोन-तीनशेचा फरक असेल तर तो वॉरंटीच्या वेळी वसूल होतो. दोन-तीन हजारांचा असेल, तर दुकानदाराने कंपनीकडे आणि आपल्या संघटनेकडे विचारणा करायची वेळ आली आहे.