कवितेलाही उमेदवारी लागते

अमरावती-अकोल्याकडे कविसंमेलनांना तोटा नाही. लिहिलेली कविता कोणी ओळीओळीने तपासून द्यावी, अशी जागा मात्र सहजी सापडत नाही. गाणाऱ्याने रियाज करावा हे सगळ्यांना पटते. कवीची गोष्ट निघाली, की प्रतिभा उपजत असते असे म्हणून आपण मोकळे होतो. वऱ्हाडाने तरी हा समज बाळगू नये. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल नुसती लिहिली नाही, नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ही लिहून दिली. त्यातले नियम कोणालाही समजावेत असे आहेत. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ‘वादळ’ आणि ‘ओंजळ’ हे काफिये (यमके) घेतले, की पुढे ‘मृगजळ’ चालते, ‘आभाळ’ चालत नाही. ‘ळ’ तोच राहिला तरी आधीचा स्वर, म्हणजे अलामत, बिघडते. हे कळायला प्रतिभा लागत नाही, चूक दाखवणारा माणूस लागतो.

नियमांनी कारागीर घडतील, कवी नव्हे, हा आक्षेप जुना आहे आणि अगदीच खोटा नाही. वृत्तात चोख बसलेल्या, पण जीव नसलेल्या गझला भरपूर लिहिल्या जातात. मात्र तो दोष शिकण्याचा नाही, शिकून तिथेच थांबण्याचा आहे. उलट नियमाचा एक फायदा सहसा ध्यानात घेतला जात नाही: पहिला सुचलेला सोपा शब्द तो नाकारतो. मग कवीला दुसरा, तिसरा शब्द धुंडाळावा लागतो आणि त्या शोधात कधी कधी मूळ कल्पनेपेक्षा सरस काही हाती लागते.

मुक्तछंदाला आणि गद्याला कुठे नियम आहेत, असेही विचारले जाईल. काफियासारखे नसतील, पण शिस्त आहेच. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून गोळा केल्या, पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या आणि मग रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ऐकणे, निवडणे, तपासणे ही गद्याचीच बाराखडी आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली माणसे वऱ्हाडीत बोलतात, तेव्हा ती बोली ठिगळासारखी वाटत नाही. बोली कानावर असणारे लाखो आहेत; ती कागदावर कुठे आणि किती आणावी, हे भान मात्र कमवावे लागते.

वाचनाने सगळे आपोआप येते, हे अर्धेच खरे. वाचनाने चांगले काय ते कळते; आपली ओळ नेमकी कुठे घसरली, हे लिहिणाऱ्याला बहुधा दुसऱ्यानेच सांगावे लागते. व्यासपीठावरची वाहवा ते सांगत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. त्याने, इथल्या महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी लेखनाच्या नियमित बैठका सुरू कराव्यात. तिथे टाळ्यांऐवजी दुरुस्त्या मिळाव्यात. सगळेच कवी होणार नाहीत, पण ज्यांच्यात कवी आहे त्यांची वर्षे चाचपडण्यात जाणार नाहीत.